पहिलं प्रकरण वगळू नये

मी, मालनबाई भागवत हिवाळे, वय ७१, निवृत्त परिचारिका, राहणार जुना जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रक्तदाब आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणेल अशी कोणाची छातीही नाही.

१. राहतं दोन खोल्यांचं घर मुलगा देवानंद व मुलगी उषा यांना निम्मं-निम्मं. भांडू नये.

२. बँकेतील ठेव नात अर्पिता हिला. शिलाई मशीन सून दैवशाला हिला. तिने माझं जेवढं केलं तेवढं पोटच्या पोरांनी केलं नाही. दोघांनी हे वाचून गप्प बसावं.

३. आष्टीजवळच्या आमच्या गावी केशरबाईंच्या दारात माझी आई वरून टाकलेली भाकरी पदरात झेलायची. पुढे त्यांच्याच सुनेचं बाळंतपण मी केलं. त्यांनी ओसरीवर बसवून चहा दिला. कप मी आपणहून धुऊन ठेवला, कोणी सांगितलंही नव्हतं. तो राग माझा माझ्यावरच आहे. तो कोणाच्याही नावे करत नाही.

४. माझ्या आत्मकथनाच्या सात वह्या अर्पिताला. तिने पुस्तक छापावं. पहिलं प्रकरण माझी आई आसराबाई हिचं आहे. येसकरीची पाळी आली की गावाची कामं करायची आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. टोपली घरी आली की भाकरीच्या काठावरून आई सांगायची, ही कोणाच्या हातची, आज कोणाच्या घरी भांडण झालं. आम्ही पोरं पोट धरून हसायचो. गावाने तिला जन्मभर येसकरीण म्हटलं. वहीत मी तिचं नाव पानोपानी लिहिलं आहे.

देवानंदने वाचलं आणि म्हणाला, "आई, बाकी सगळं छाप, पण भाकरीचं तेवढं काढून टाक. उद्या अर्पिताच्या सासरचे वाचतील."

मी म्हणाले, "त्याच भाकरीवर वाढले मी. मंग मलाबी काढतो का?"

देवानंद माझा लाडाचा आहे. त्याला लोकांची भीती वाटते. मलाही वाटायची, म्हणून तर कप धुतला. तरी त्या प्रकरणातली एक ओळही वगळू नये, नाव बदलू नये.

५. माझ्या पुण्यानुमोदनाला गावच्या विहारात ते प्रकरण देवानंदनेच उभं राहून वाचावं. बाळा, अडखळलास तर थांब, पाणी पी. आजीचं नाव आलं की मात्र मोठ्याने वाच. सगळा गाव आलेला असेल.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, बरोबर आहे.

सही: मालनबाई भागवत हिवाळे

आमच्यासमोर सही केली:
१. नंदाबाई साळवे, सोबत नोकरी केलेली परिचारिका
२. राधाकिसन काळे, शेजारी

ठिकाण: जालना
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५