नेट सर्वांना समान

२२ नोव्हेंबर २०१७, बुधवार
अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटीचे, सर्व साइटना सारखा वेग देण्याचे, नियम रद्द करायला निघालेत. १४ डिसेंबरला तिथल्या दूरसंचार आयोगात मतदान. म्हणजे ज्याच्या हातात तार, तोच ठरवणार कोणती साइट पळेल आणि कोणती रांगेल. भयंकर. स्टाफरूममध्ये सांगितलं. बिसेन सर म्हणाले, "पण रहांगडाले सर, ते तं अमेरिकेत होऊन राहिलं ना?" आणि हे गृहस्थ भूगोल शिकवतात!
अख्ख्या गोरेगाव तालुक्यात हा विषय समजणारा मी एकटा. राज्यशास्त्रात एम.ए., तेही नागपूरहून.
निश्चय : जाहीर वादविवाद घ्यायचा. गाव जागं करायचं.

२५ नोव्हेंबर
प्राचार्यांनी कॉलेजचा हॉल दिला. म्हणाले, धानाची मळणी चालू आहे, खुर्च्या फार काढू नका. दृष्टीच नाही माणसाला.
नियम रद्द व्हावेत या बाजूने बोलायला कोणी मिळेना. चूक बाजू मांडायलाही विषय कळावा लागतो. शेवटी साळा धरला. धनेंद्र. गावात केबल चालवतो, हल्ली घरोघरी इंटरनेट देतो. आमच्याकडेही त्याचंच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नापास, आणि तो माझ्याच विषयात. भाषणाला उभा राहिला की हात कुठे ठेवावेत कळत नाही त्याला. दुर्गेश्वरी म्हणाली, "माह्या भावाले चार लोकांत पाडू नका." मी म्हटलं, तत्त्वापुढे सोयरीक नसते. तिने कुकर लावला. बायकोला तत्त्व सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

२८ नोव्हेंबर
अमेरिकेतल्या चर्चेचे व्हिडिओ बघतोय. दर दोन वाक्यांनी गोल चक्र. शोध घेतला. रविताचे बायोलॉजीचे लेक्चर आणि दुर्गेश्वरीच्या पाककृती! बापाचं काम जागतिक आणि घरात बेडकाचं पचन नि पनीर चालू.
राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरलो. प्रत्येक मोबाईलचा वेग बांधता येतो. माझा लॅपटॉप पहिला, बाकी दोघी मागे. तात्पुरतं.
संध्याकाळी रविता म्हणाली, "बाबा, नेटले काय झालं? सर एक शब्द बोलतेत आन् थांबूनच राहतेत." तिला पुढच्या मे महिन्यात मेडिकलची नीट परीक्षा द्यायची आहे. मी म्हटलं, मामाची सर्व्हिस. यात खोटं काही नाही. सर्व्हिस मामाचीच आहे.

३ डिसेंबर, रविवार
भाचीने बोलावलं म्हणून धनेंद्र आला. तार तपासली, खांबावर चढला, उतरला, मग राऊटर उघडून बसला. "जिजाजी, तार बेस आहे. हे सेटिंग कोनं केली?"
मी शांतपणे समजावलं, की न्यूट्रॅलिटी ही सार्वजनिक सेवेची गोष्ट आहे, खाजगी घराची नाही. हा फरक अमेरिकेतही पुष्कळांना कळत नाही, हा तर केबलवाला. रविता माझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन बॅग भरली.
"मामाकडे जातो. उद्या टेस्ट आहे."
अडवलं नाही. स्वातंत्र्याचा मी पुरस्कर्ता आहे. शिवाय लाइन मोकळी झाली.

६ डिसेंबर
भाषण चौदा पानांचं झालं. दुर्गेश्वरी दुपारपासून भावाकडे. पोरीला डबा द्यायला जाते नि तिथेच बसते. आल्यावर मला सकाळचीच भाजी. मोठ्या विचारांची माणसं घरात एकटीच असतात.
रविताला फोन केला. उचलला नाही. अभ्यास करत असेल.

१० डिसेंबर, रविवार
हॉल खच्चून भरला. मला खात्री होतीच. (धनेंद्रने म्हणे केबलवर पट्टी फिरवली होती, चहा आणि आलूबोंडा मिळेल म्हणून. त्याने काय होतं.)
मी मुळापासून सुरुवात केली. १९३४चा अमेरिकन दूरसंचार कायदा. लोक थक्क होऊन गप्प होते. टेलिफोनपर्यंत पोचलो तोच अध्यक्ष यादोराव कटऱ्यांनी घंटी वाजवली. पंचायत समितीत आयुष्य गेलेला माणूस, त्याला काय कळणार कायदा!
धनेंद्र उठला. हात खिशात घातले. म्हणाला, "रस्त्यानं ट्रॅक्टर जाऊन राहिला, मांगून अॅम्ब्युलन्स आली. तिले रस्ता द्याचा का नाई?"
"द्याचा!" हॉल ओरडला.
"तं झालं. माह्यं भाषन संपलं."
मी ताबडतोब उभा राहिलो. म्हटलं, पण अॅम्ब्युलन्स कोणती हे ठरवणार कोण? ज्याने पैसे भरून सायरन विकत घेतला तो? त्या हॉलमध्ये बोललं गेलेलं सर्वांत शहाणं वाक्य हे होतं. तेवढ्यात आलूबोंडे आले.
हात वर करून मतं घेतली. माझ्या बाजूने बिसेन सर. ते नंतर म्हणाले, बोंडा माझ्यापर्यंत पोचला नव्हता म्हणून हात केला.
रविता शेवटच्या ओळीत होती. तिने कोणत्याच बाजूला हात केला नाही. मी नीट बघितलं.

१५ डिसेंबर
अमेरिकेत नियम रद्द झाले. मतदान थेट बघणार होतो, पण पहिल्याच भाषणात डोळा लागला. बिसेन सरांनी सांगितलं. त्यांना व्हॉट्सअॅपवर आलं होतं. स्टाफरूममध्ये कोणाला काही वाटलं नाही. हा समाज लोकशाहीच्या लायकीचा नाही.
राऊटरवरची बंधनं काढून टाकली. कोणाच्या सांगण्यावरून नाही. काम संपलं म्हणून.

१७ डिसेंबर, रविवार
रविताला आणायला धनेंद्रकडे गेलो. सासूबाईंनी आग्रहाने जेवायला बसवलं. जेवताना मी अमेरिकेचा निर्णय सोपा करून सांगत होतो. धनेंद्रचं लक्ष फोनवर. दुर्गेश्वरी पोळ्या लाटत होती. सासूबाई मात्र हनुवटीला हात लावून शेवटपर्यंत ऐकत होत्या. त्यांना सही करण्यापुरतंच लिहिता येतं, पण समज आहे. तालुक्यातला पहिला खरा श्रोता मिळाला असं वाटलं.
सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हंजे सगळ्याइले सारखं भेटलं पायजे, असं तुमचं म्हननं."
मी म्हटलं, अगदी बरोबर!
"मंग जवाईबापू, पोरीचं काऊन बंद केलं?"
लाटणं थांबलं.
वरण गार होत होतं. जेवलो.
रविता खाली आली. मी सांगितलं, आता नेट पूर्ण मोकळं आहे, चल. ती म्हणाली, "राहू द्या बाबा. इथं अभ्यास बरा होऊन राहिला." आवाज चढवला नाही तिने. रागावली असती तर मुद्दे मांडता आले असते. धनेंद्र म्हणाला, परीक्षेपावत राहू द्या पोरीले. मी विचार करून परवानगी दिली. मी दिली, हे महत्त्वाचं. दुर्गेश्वरीही आठवडाभर थांबते म्हणाली. तिलाही दिली.
एकटाच घरी आलो. लॅपटॉप उघडला. नेट जोरात होतं. काय लावावं सुचेना.