भिंतीवरची शेवटची भाकरी

मी, वाल्बोर्ग सुंदेल, वय एक्क्याऐंशी, राहणार लिंडहेम, मिनेसोटा, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझी धाकटी बहीण एल्ना याबद्दल शंका काढील; तिच्याकडे लक्ष देऊ नये.

१. तळ्याकाठचे माझे घर एल्नाची मुलगी तेक्ला हिला.

२. आईने उघडलेल्या आमच्या स्वीडिश रेस्टॉरंटमधला माझा अर्धा हिस्साही तेक्लालाच. लांब टेबले हलवू नयेत. एकाच मोठ्या भांड्यातून सगळ्यांनी वाढून घ्यायचे, ही आपली रीत. ताट वेगळे वाढून मागणाऱ्याला समोरचे हॉटेल दाखवावे.

३. भिंतीवरची भाकरी. १९६२ साली, पहिल्याच दिवशी, राय नावाच्या धान्याची, मध्ये भोक असलेली एक कडक भाकरी उरली. आमच्यात शेवटचा तुकडा उचलणारा हावरट ठरतो. चाळीस माणसे "तुम्ही घ्या", "छे, तुम्हीच घ्या" करत उठून गेली. एल्नाने ती भाकरी खिळ्याला टांगली आणि वर्तमानपत्रात फोटो आला तो एल्नाचा. तेव्हापासून बसगाड्या भरून लोक 'एल्नाची भाकरी' बघायला येतात. पीठ मळले मी, हात पोळले माझे. ती निळा झगा घालून दारात हसत उभी राहिली, एवढेच तिचे कर्तृत्व. एकोणिसाव्या वर्षापासून मी तिच्यावर जळते आहे. आता लपवून काय करू?

४. कबुली. १९७१ साली टीव्हीवाले तिची मुलाखत घ्यायला येणार होते. त्या सकाळी मी ती भाकरी उतरवली, कॉफीत बुडवून खाल्ली आणि दुसरी भाजून टांगली. कोणाला पत्ता लागला नाही.

५. या भाकऱ्या लाटायचे आजीचे खाचांचे लाटणे. एल्नाला भाकरी कधी जमली नाही, म्हणून हे तेक्लाला लिहिले होते. गेल्या रविवारी मी एल्नाला चौथे कलम मुद्दाम वाचून दाखवले. वाटले, रडेल.

"ताई, पण तुझी तरी कुठे राहिलीय ती?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सत्त्याऐंशी साली एका बाईने विचारलं, भाजली कोणी? मी तुझं नाव सांगितलं. तिने मला बाजूला सारून तुझ्याबरोबर फोटो काढला. इतकी जळले मी! दुसऱ्या दिवशी खाऊन टाकली तुझी भाकरी. आता आहे ती मी भाजलेली."

"तू? तुला कुठे येतं?"

"सात बिघडल्या, आठवी टांगली. रोज पुसतेस ना तिला? ओळखलीस?"

नाही ओळखली. सदतीस वर्षे मी तिची धूळ झटकली आणि गिऱ्हाइकांना सांगितले, अशी भाकरी दुसऱ्या कोणाच्या हातून होणार नाही.

सबब, लाटणे एल्नाला.

६. माझ्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाच्या भाकऱ्या एल्नानेच भाजाव्यात. शेवटची उरेल ती टांगू नये. एल्नाने ती सर्वांदेखत उचलून खावी. "तू घे" म्हणायला मी नसेन.

सही: वाल्बोर्ग सुंदेल
साक्षीदार: नील्स ओकरमन (पाद्री), गुद्रुन फाल्क (शेजारीण)
लिंडहेम, १४ ऑक्टोबर २०२४