इंटरनेट नसलेली खोली

४ जानेवारी, रविवार. अकोला
दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. रागावू नकोस, डायरी. आळस नव्हता, धास्ती होती. माझा मेल कुणीतरी उघडून वाचत होतं! माझी अशील करिश्मा, तिचा नवरा कोर्टाच्या तारखेला आमचं म्हणणं पाठ करूनच यायचा. त्याने फोडलेलं तिचं डोकं मी पाहिलंय. वकील मी, आणि गळती माझ्याच घरातून.

आज ऑफिसच्या लॅपटॉपवरून विंडोज काढलं. नवी प्रणाली टाकली – लॅपटॉपच्या आतच प्रत्येक कामाची खोली वेगळी. एकीत चोर शिरला तरी दुसरीत जाता येत नाही. मेल एका खोलीत, कोर्टाच्या साइट दुसरीत. करिश्मा लपून राहते तो पत्ता जिथे इंटरनेट पोचतच नाही अशा खोलीत. तो तिघींनाच ठाऊक – ती, तिची अमरावतीची बहीण चंदा, आणि मी.

७ जानेवारी
साधा फोटो उघडायचा तर चहा थंड होतो. आमचे मुन्शी देवमनकाका – "एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कागद न्यायले बी परवानगी? हे तं माह्या सासुरवाडीपेक्षा कडक हाय, मॅडम!" मी हसले नाही. हसायला हवं होतं.

१९ जानेवारी
उद्या तारीख. कोर्टाला पत्ता बंद पाकिटात हवा. आणि आमचा प्रिंटर नव्या प्रणालीला ओळखच देत नाही! शेवटी पेनड्राइव्ह घेऊन कोर्टासमोर देवानंदच्या टायपिंगच्या दुकानात गेले. समोर उभी राहिले. छापून झाल्यावर फाइल पुसायला लावली, कचरापेटीतूनही. त्याने सवयीप्रमाणे कागद वाचून एक वेलांटी सुधारली – तेवढंच. समाधान वाटलं. काटेकोर म्हणतात मला.

२७ जानेवारी
नवरा अमरावतीत करिश्माच्या दारात! शेजारी धावले म्हणून दार मोडलं नाही. तिला तातडीने दुसरीकडे हलवलं. मग लॅपटॉपची एकेक खोली तपासत बसले. सगळं जागच्या जागी.

मग कुठून?

२९ जानेवारी
देवानंदनेच सांगितलं – मला चहा पाजता पाजता! तो हिवरखेडचा, करिश्माच्या सासरच्या गावचा. करिश्माची सासू पार्बताबाई त्याची चुलत आत्या.

"म्हातारी दुकानात येऊन रडून राहिली होती, मॅडम. म्हने, सून जिती हाय का मेली तेबी मालूम नाई. म्या म्हटलं, आत्या, कावून रडतं? खुशाल हाय ते, अमरावतीले."

"आणि गल्ली, घर?"

"तिनं इचारलं. आता आत्याले नाई कसं म्हनू?"

त्याला वाटतं, पुण्य केलं. ओरडू तरी कोणत्या तोंडाने? त्याच्या हातात कागद मीच दिला. चार ओळींचा पत्ता. हाताने लिहिता आला असता! पेन पर्समध्ये होतं. एवढ्या खोल्या बांधल्या, पण ही साधी गोष्ट सुचली नाही. की सुचली, आणि छापलेलं नीटनेटकं दिसतं म्हणून...? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

३१ जानेवारी
करिश्माचा फोन. आवाज कोरडा. "चंदीशी नातं तोडलं म्या. तिच्याबिगर कोनाले ठाव होतं? त्याच दिवशी धावत आली तं दारातून वापस पाठवली तिले. लय रडली. तुमच्याकडून तं जानं शक्यच नाई, मॅडम."

मी "हं" म्हणाले. फोन ठेवला.

उद्या: करिश्माला भेटून देवानंदचं – नाही, माझं – सांगणे.