टाच भरत आली आहे

३ फेब्रुवारी
सहा महिने झाले, डाव्या टाचेची जखम मिटायचं नाव घेईना. आज मोठ्या दवाखान्यात नवीन डॉक्टर. वय माझ्या मुलाएवढं आणि मला आजी म्हणतो! म्हणाला, स्टेम सेल देऊन बघू. पोटाची चरबी काढायची, त्यातल्या कामाच्या पेशी वेगळ्या करायच्या आणि जखमेच्या कडेनं टोचायच्या. मी म्हटलं, हवी तेवढी घ्या, कमी पडली तर सुनेची आहेच. सून हसली नाही. डॉक्टरही नाही. म्हणाला, साखर ताब्यात हवी आणि टाच टेकवायची नाही. हे जमलं नाही तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल.
एवढंच ना!

४ फेब्रुवारी, सकाळी
ठरलं. गोड बंद. पाय वर. रोज चार वेळा बोट टोचून मशीनवर साखर बघायची, तक्त्यात लिहायची. सुनेला टोमणे नाहीत. (हे सोमवारपासून.)

१० फेब्रुवारी
चरबी काढली, दुपारी पेशी टोचल्या. पोट मात्र होतं तेवढंच. फसवणूक. टाचेत सुया गेल्या तरी मला पत्ता नाही. मी म्हटलं, बघा, किती धीराची आहे मी. सिस्टर डॉक्टरकडे बघत राहिली.

१७ फेब्रुवारी
सिस्टरनं जखम मोजली. साडेचार सेंटिमीटरची चार झाली! विहीणबाईंना फोन केला, महिन्याभरात तुमचा जिना चढून येते. जपा म्हणाल्या. जळतात.
संध्याकाळी साखर २८०. पण दुपारी बिस्किटं खाल्ली होती, म्हणजे ही काही माझी खरी साखर नव्हे. १३० लिहिलं. बोटांची चाळण झालीय. म्हणून पुढच्या मंगळवारपर्यंतचे आकडे आजच भरून टाकले. सगळे सारखे दिसू नयेत म्हणून मध्येच एक १४२. आमचे गुरुजी हजेरी अशीच भरायचे. शाळा चाललीच ना?

२४ फेब्रुवारी
डॉक्टर तक्त्यावर खूश. इन्सुलिन वाढवणार होता, राहू दे म्हणाला. सिस्टरला म्हणाला, असे पेशंट हवेत. जखम चारच आहे. पेशींना नवीन घरात रुळायला वेळ लागणार. सुनेला बारा वर्षं लागली, अजून रुळतेय.
घरी आल्यावर पुढच्या आठवड्याचा तक्ता भरला.

२८ फेब्रुवारी
घरात वास येतोय. उंदीर मेलाय कुठेतरी. मुलाला कपाट ओढायला लावलं, पलंग ओढायला लावला. काही नाही. सून म्हणाली, आई, ड्रेसिंग बघू जरा. मी म्हटलं, आधी तुझा फ्रिज बघ.
टाच अजिबात दुखत नाही. म्हणजे भरत आली. कोणी नसताना स्वयंपाकघरापर्यंत चार खेपा चालून पाहिलं. फरशीवर ओले डाग. सून नीट पुसत नाही.

३ मार्च
थंडी वाजते. सुनेनं पंखा लावलाय, मी दोन चादरी घेतल्यात. आज दवाखान्यात जायचं होतं. फोन करून पुढच्या आठवड्यावर ढकललं. बऱ्या माणसानं कशाला गर्दी करायची?
वास माझ्या खोलीतच जास्त. मुलगा दारातूनच बोलतो.

५ मार्च, दवाखाना
मुलानं उचलून आणलं. ड्रेसिंग सोडलं तेव्हा सिस्टरनं तोंड फिरवलं. माझ्या मेल्या उंदराचा पत्ता लागला.
भूल देणाऱ्या बाईंनी साखर विचारली. मी तक्ता पुढे केला. सुनेनं पर्समधून मशीन काढलं. त्याचं बटण दाबलं की जुने आकडे दिसतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटचा आकडा १७ फेब्रुवारीचा. २८०. पुढे काही नाही.
डॉक्टर ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, आजी, पेशी चांगल्या होत्या हो.
मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा.
मग डॉक्टरनं मार्करनं पायावर रेघ ओढली. मी म्हटलं, अहो, जरा खाली घ्या की. दोन बोटं तरी. त्यानं पोटरी दाबून पाहिली, परत पाहिली. ती रेघ पुसली आणि गुडघ्याच्या वर काढली.