अकरा सेकंद

चि. प्रियदर्शिनीस,

टेप आत ओढून घेताना शेजारच्या सोमाकाकांचा व्हीसीआर करायचा ती घरघर अजून कानात आहे. शाळेत असताना तू मुंबईला टीव्हीवर थेट कार्यक्रमात कविता म्हटलीस, ती त्यांनीच इथे पोलादपुरात टेप केली होती. परवा मी ती संगणकावर उतरवून घेतली. जाहिराती कापल्या. तिसऱ्या कडव्याला तू अडलीस ते अकरा सेकंदही कापले आणि डिस्कवर चालेल असं एन्कोड केलं. कविता झऱ्यासारखी वाहू लागली.

मग कापलेला तुकडा पाहिला. त्यात तू कॅमेऱ्याच्या उजवीकडे बघतेस. तिथे मी उभा होतो. मी शाळेत मास्तर, आणि माझीच पोर विसरली, या लाजेने मी मान फिरवली होती. एसटीत घरापर्यंत तुझ्याशी बोललोही नाही. नंतर तू कधीच कविता म्हटली नाहीस.

ते सेकंद परत जोडून डिस्क नव्याने केली. सोबत माफी मागायची आहे, पण ते वाक्य अजून जमत नाही.

थांबतो. दारात तुझी ऋतिका आली आहे, महाडहून एकटीच, शाळेच्या गणवेशात. म्हणते, "आजोबा, स्पर्धेची कविता बसवून द्याल? पण आई म्हणाली, मी विसरले तर रागावणार नाय ना, ते आधी विचार."

तुझा,
बाबा