चवथीच्या पंगतीत दोन अणू

सुर्ला, चवथीचा तिसरा दिवस

ती. समीक्षाताईस,

प्रज्योतचा वाकून नमस्कार (पत्रात वाकलेला दिसत नाही, म्हणून कळवतो). बेंगळुरूला तुझी तब्येत बरी असेलच. आकृत्यांच्या पाकिटातच हे पत्र घातले आहे. मोबाईलवर लिहिले तर शुद्धलेखन आपोआप बिघडते.

तुझ्या प्रबंधातल्या आकृत्या स्वच्छ काढताना मी कोश घेऊन मजकूरही वाचला. (बारावीला रसायनशास्त्रात दोनदा बसलो, तेव्हा कोणी इतके नीट सांगितले नव्हते.) निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू धातूच्या तीन-तीन अणूंमधल्या खळग्यात बसतात. अगदी शेजारी दुसरा आला तर एकमेकांना ढकलतात, थोड्या अंतरावर असला तर चालतो, आणि बरीचशी देवघेव धातूतल्या इलेक्ट्रॉनांमार्फत करतात. वाचताना मला तुझे बाबा आणि माझे बाबाच दिसू लागले.

माझ्या बाबांच्या खनिजाच्या ट्रकने तुझ्या बाबांची पोफळ पाडली, तेव्हापासून सहा वर्षे दोघे भाऊ बोलत नाहीत. यंदा आईने पंगत माझ्यावर सोपवली आणि बजावले, भांडण झाले तर पुढच्या वर्षी घरात गणपती दोन होतील. आजोबांच्या आजोबांपासूनचा एक गणपती माझ्यामुळे दोन व्हायचा, या भीतीने मी चौकटीच्या वहीच्या पानावर कोणी कुठे बसायचे याचा आराखडा काढला. दोघांच्या मध्ये एक जागा ठेवली आणि तिथे स्वतः बसलो, धातू म्हणून.

सुरुवात प्रबंधाप्रमाणे झाली. "त्याला सांग, खतखत्यात तिरफळे जास्त पडली." "त्याला सांग, मग खाऊ नको." मी दोन्हीकडे पोचवत होतो (शब्द न बदलता, ही माझी चूक). इतक्यात खिशातला आराखडा पातोळ्यांवर पडला. तुझे बाबा 'अणू १', माझे बाबा 'अणू २', मध्ये 'ढकलतात', सगळे सुवाच्य अक्षरात.

"रघू," तुझे बाबा म्हणाले, "हा तुझा पोरगा आपल्यावर प्रयोग करतो रे."

"आणि तुला दिलान एक नंबर, दादा. मला दोन."

मग मला उठवून दोघे खेटून बसले. जुळलेले दोन अणू रेणू होऊन पृष्ठभाग सोडून जातात, हे तुझ्या पाचव्या प्रकरणात होते. ते मी घाईत वाचले. हात धुऊन दोघे एकाच स्कूटरवर निघून गेले. आरतीलाही घरात नव्हते.

काकीला तुझी काळजी वाटते, तरी वेळेवर जेवत जा.

तुझा भाऊ,
प्रज्योत

ता. क. : ते मांद्र्याला गेले होते. तिथल्या एका गेस्टहाऊसवाल्यांचा गौरेश त्यांनी तुझ्यासाठी पसंत केला आहे. सहा वर्षांत दोघांचे एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. पत्र मिळताच साडीतला एक फोटो पाठव.

ता. क. २ : नकार द्यायचा तर जरूर दे, पण दोघांना एकाच फोनवर दे. एकट्याला आधी कळला, तर दुसरा म्हणेल तूच तिला शिकवलेस, आणि मूर्तिकाराला दुसरी मूर्ती सांगायला मलाच पाठवतील.