गुरामीच्या तोंडचा घास

बुधवार, ३ सप्टेंबर
मी, विश्वनाथ शिवलिंग म्हेत्रे, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, सूतगिरणीच्या भांडार विभागात नोकरीस. ही नोंद ठेवण्याचे कारण : आमच्या दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत रोज दोन वेळा अन्न पडत असताना एक मासा उपाशी मेला, आणि ते मला त्याला बाहेर काढताना समजले. पोट पाठीला लागले होते. मोती गुरामीची जोडी, पाच वर्षांची. आता मादी उरली आहे. ती तशी जाऊ नये, इतकाच हेतू.
दोष माझा. टाकी सुनी वाटते म्हणून जूनमध्ये सहा टायगर बार्ब मासे मीच आणले. दाणा पाण्याला टेकतो न टेकतो तोच ते तिथे असतात. गुरामी झाडामागून निघते, अर्ध्यावर येते, धक्का खाते, परतते.

शुक्रवार, ५ सप्टें.
टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी दाणे टाकून पाहिले. बार्बांनी लगेच वाटणी केली. तीन इकडे, तीन तिकडे. तिला काही नाही.

रविवार, ७ सप्टें.
सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही आठाला चमचा घेऊन उभारता, आन् ते आठाला पाच कमी असतानाच येऊन उभारलेले असतेत की. भोंगा झालाय तुमचा!"
खरे आहे. माझ्या वक्तशीरपणाचा लाभ बळकटांनाच झाला. आजपासून वेळ बदलली. सका. पावणेसात, मग रात्री सव्वानऊ. काहीतरी चुकते आहे असे दिवसभर वाटत राहिले.

मंगळवार, ९ सप्टें.
उपयोग नाही. आता ते माझी सावली ओळखतात. माशांचे दुकानदार अमजदभाई म्हणाले, "साहेब, बार्बला पोट नसतंय, नुसतं तोंड असतंय. तिला गोठवलेल्या अळ्या द्या, चिमट्यानं, थेट तोंडाशी."
घरी विषय काढला. सौ. : "पूजेचं दूध ज्या फ्रीजात, त्यात अळ्या? मग मला मंगळवेढ्याला माहेरी पोचवा, आन् फ्रीजसंगं संसार करा."
आग्रह धरला नाही. मलाही ते रुचले नसतेच. पण आमच्या सोवळ्यासाठी उपास तिला.

शुक्रवार, १२ सप्टें.
तिचे पोट आत वळू लागले. डोके मोठे दिसते. नराचेही असेच दिसले असणार. तेव्हा माझे लक्ष दाण्यांकडे होते.
वेगळ्या टबात ठेवून पाहिले. कोपऱ्यात पडून राहिली, दाणे फुगून बुडाले. जागा नवी, म्हणून बिचकली असेल. परत टाकीत सोडली. निर्णय : बार्ब दुकानात परत.

रविवार, १४ सप्टें.
जाळीने पकडू गेलो तर बार्ब निसटत आणि ती भिऊन काचेवर आदळे. पाणी उपसून वीतभर ठेवले, तेव्हा सहाही हाती आले. सौ.ने पिशव्या धरल्या. "जाताना पण हपापल्यावानी बघायलेत की माझ्याकडं!" दुपारी पोचवून आलो. टाकी पुन्हा भरली. संध्याकाळी दाणे टाकले. ती आली नाही. थकली असेल.

मंगळवार, १६ सप्टें.
आली नाही. दाणे तरंगतात, पसरतात, बुडतात. मी ते गाळून काढतो. धक्का देणारे कोणी नाही, घाई नाही, सगळे अन्न तिचेच. आणि ती झाडामागे.

बुधवार, १७ सप्टें.
अमजदभाईंना विचारले. ते म्हणाले, "एकटी कशी येईल, साहेब? बार्ब पळायलेत हे बघूनच तिला कळायचं, खायला पडलंय आन् बाहेर भ्यायचं कारण न्हाय. आता कोण सांगणार तिला?"
तीन महिने मी बार्बांना लुटारू समजत होतो. त्यांच्या मागोमाग ती अर्ध्या वाटेपर्यंत तरी येत होती. तेवढेही मी…
सौ.ला सांगितले. बराच वेळ ती टाकीपुढे बसली. मग म्हणाली, "आणा अळ्या. डब्यात घालून ठेवू. पूजेचं दूध मी रोजचं रोज आणीन."

गुरुवार, १८ सप्टें.
सकाळी अळी चिमट्याने तोंडाशी धरली. ती मागे सरली. पुन्हा धरली. आणखी मागे, काचेला पाठ लागेपर्यंत. रजा टाकून दुकानात आलो.
सहाही बार्ब येथेच आहेत. "किती देऊ?" अमजदभाईंनी विचारले. सहा नेले तर तिला पुन्हा अर्धी वाट. कमी नेले तर, ते म्हणतात, आपसांत खेळायचे सोडून तिलाच टोचतील. कितींनी तिला धीर येईल आणि कितींनी तिचा घास जाईल, मला ठाऊक नाही.
पिशवीत पाणी भरून ते उभे आहेत. "साहेब, बोला की."
बाकावर बसून एवढे लिहिले. अजून उत्तर दिलेले नाही.

वि. शि. म्हेत्रे
सोलापूर, १८ सप्टेंबर